हललेली मान

डेपोतल्या टीव्हीचा आवाज कायम बंद असतो. पहाटेच्या पाळीचे ड्रायव्हर परत आलेले असतात, दहाच्या पाळीचे निघायचे असतात, आणि मधल्या वीस मिनिटांत कुणालाच बातम्या ऐकायच्या नसतात. त्या शुक्रवारी मी टीव्हीकडे पाठ करून थर्मासमध्ये कॉफी ओतत होतो. पिस्टिली ओरडला, “ए ग्राबो, बघ बघ, तुझ्या डोक्यावर केस!” सगळे हसले. मीही हसत वळलो. पडद्यावर बास्केटबॉलच्या एका जुन्या टेपचे विटलेले रंग होते. हिरव्या बनियनमधली पाच पोरं घोळक्यात उभी होती आणि त्यांच्यात एक हडकुळा, घामानं निथळणारा मी होतो. एकवीस वर्षांचा. शेजारी थर्मन टिब्ज, माझ्यापेक्षा हातभर उंच. त्याचे डोळे मिटलेले होते आणि त्याच्या उजव्या पंजात माझं मनगट होतं. समोरून कोच हॅनराटींचा चेहरा माझ्याकडे वळला. त्यांनी एकदा थर्मनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि त्यांचे ओठ हलले. दोन शब्द, फार तर तीन. आणि त्या पोरानं मान हलवली. पूर्ण हलवलीसुद्धा नाही. हनुवटी जराशी खाली गेली आणि वर आली. कोच लगेच दुसरीकडे बघायला लागले. शिट्टी झाली असावी, कारण घोळका फुटला. कोपऱ्यातल्या घड्याळात चार मिनिटं अकरा सेकंद उरले होते. कॉफी थर्मासवरून माझ्या बोटांवर येत होती हे मला दहाच्याच पाळीच्या मरिबेलनं हात धरला तेव्हा कळलं.

“भाजलास की! काय रे, स्वतःचंच भूत बघितलंस का?”

“पण ते कुठाय?” पिस्टिली पडद्याला नाक लावून उभा होता. “‘मला बॉल दे’ कधी म्हणतो तो? ह्याच टाइमआउटला ना रे ग्राबो?”

“म्हणाला की. आवाज बंद आहे म्हणून कळलं नाही,” मरिबेल म्हणाली.

“आवाज बंद असला तरी ओठ हलायला पाहिजेत ना बाई!”

“खेळाडू माणसं दात आवळून बोलतात. तुला काय माहीत, तू जन्मात कधी पळालायस?”

पुन्हा हशा झाला. मी बोटं नळाखाली धरली आणि पाण्याकडे बघत राहिलो. स्थानिक टीव्हीवाल्यांना तळघरात ही टेप सापडली होती, असं कुणीतरी सांगत होतं. त्यांच्याच कॅमेरावाल्यानं आमच्या बाकाशेजारी उभं राहून घेतलेली. तीस वर्षं कुणी उघडलीच नव्हती. त्या मोसमाला तीस वर्षं झाली म्हणून आता दाखवत होते, दर तीन तासांनी, रविवारपर्यंत.

‘मला बॉल दे.’ एरी शहरात मला नमस्कार असा घालतात. बसमध्ये चढताना म्हातारे म्हणतात, न्हाव्याकडे म्हणतात, एकदा माझ्याच लग्नात पाद्र्यानं म्हटलं होतं. १९८७च्या मार्चमध्ये हॅलोरन कॉलेज नावाचं, जेमतेम अकराशे पोरांचं आमचं कॉलेज देशातल्या चौसष्ट संघांच्या स्पर्धेत शिरलं, तेव्हा आमच्या गावातल्याच लोकांना ते कॉलेज नेमकं कुठल्या रस्त्यावर आहे हे विचारावं लागलं असेल. पहिल्या सामन्यात ज्यांना हरवलं त्यांनी पुढच्या दोन रात्रींसाठी हॉटेल आधीच घेऊन ठेवलं होतं. दुसरा सामना जादा वेळेत जिंकलो. तिसऱ्यात, शेवटच्या सोळांत, दक्षिणेकडच्या एका अवाढव्य विद्यापीठाविरुद्ध आम्ही नऊ गुणांनी मागे होतो आणि चार मिनिटं अकरा सेकंद राहिले होते. कोचनी टाइमआउट घेतला. तिथं थर्मननं माझं मनगट पकडलं, इतकं जोरात की वळ उठले, आणि म्हणाला, ‘मला बॉल दे.’ मी देत गेलो. आमच्या शेवटच्या तेरा गुणांतले अकरा त्यानं केले. एका गुणानं जिंकलो. पुढचा सामना चौदा गुणांनी हरलो ते कुणाच्या लक्षात नाही. गावात परतलो तर बर्फ पडत होता आणि अग्निशामक दलाच्या गाडीवर उभं करून आम्हाला स्टेट स्ट्रीटवरून तळ्यापर्यंत नेलं. कारखान्याचे भोंगे वाजत होते. थर्मन सगळ्यांत पुढे उभा होता, आणि त्यानं दोन्ही हातांनी गाडीची कांब धरली होती. हात हलवत नव्हता. लोकांना वाटलं लाजतोय. नऊ दिवसांनी, एका मंगळवारी दुपारी, कॉलेजच्या हॉलमध्ये आम्ही पाचसहा जण नुसते टाइमपास खेळत असताना तो बॉल हातात घेऊन उभा राहिला, काहीतरी ऐकू आल्यासारखी मान तिरकी केली, आणि खाली बसला. बसला तो आडवा झाला. बॉल घरंगळत भिंतीपर्यंत गेला आणि मूर्खासारखा मी आधी बॉलमागे पळालो.

मनगटाची गोष्ट मी पहिल्यांदा सांगितली ती त्याच्या अंत्यविधीला, त्यांच्या चर्चमध्ये. ‘तुम्ही त्याच्या खोलीत राहिलात, तुम्ही दोन शब्द बोला,’ असं कुणीतरी म्हणालं. मला आधी काय बोलायचं ते ठाऊक नव्हतं. पहिल्या बाकावर त्याची आई, मिसेस टिब्ज, आणि बारा वर्षांची बहीण वर्लीन. मी तोंड उघडलं आणि ती गोष्ट आपोआप बाहेर आली, घडीव, जणू कुणी आधीच लिहून ठेवलेली. मिसेस टिब्ज उठून आल्या आणि माझं तेच मनगट त्यांनी दोन्ही हातांत घेतलं. जूनमध्ये थडग्यावर दगड बसला. नाव, दोन तारखा, आणि खाली: मला बॉल दे.

दहा वाजून सात मिनिटांनी मी बस काढली. पीच स्ट्रीटला बर्फ वितळून खड्डे उघडे पडले होते. पहिल्याच खड्ड्याला मी वरच्या आरशात पाहिलं. बसमधल्या सगळ्यांनी एकदम मान हलवली. हे काही नवीन नाही. धक्का बसला की माणसांच्या माना हलणारच, सव्वीस वर्षं मी हे बघतोय. पण त्या दिवशी ते सगळे कशाला तरी हो म्हणत होते. म्हातारी हो म्हणाली, कानांत हेडफोनची बोंडं घातलेला पोरगा हो म्हणाला, झोपलेला मजूर डोळे न उघडता हो म्हणाला. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. मी बस हळू केली. हळू केली तर माना हळू हलायला लागल्या, जास्त विचारपूर्वक. मी आरशात बघणं सोडलं. मग मला माझीच मान जाणवायला लागली, तिचं वजन, आणि ती माझ्या नकळत काय करत असेल याची धास्ती. माणसाला आपली पाठ दिसत नाही हे ठीक. पण आपण मान हलवली की नाही, हे तरी माणसाला ठाऊक असायला हवं की नको? तीस वर्षं मी त्या टाइमआउटमध्ये पुन्हापुन्हा जाऊन आलो होतो, शेकडो लोकांना हात धरून तिथं नेलं होतं, आणि तिथं कोच कधीच माझ्याकडे वळले नव्हते. माझ्या टाइमआउटमध्ये कोचना चेहराच नव्हता. फक्त पेपरमिंटचा वास होता त्यांच्या तोंडाचा. तेवढा जवळून वास यायला ते माझ्या तोंडासमोर असायला हवेत, हे मला कधी सुचलं नव्हतं.

आणि एकदा एक वीट निघाल्यावर बाकीच्या आपोआप सुटायला लागल्या. बाराव्या रस्त्याच्या सिग्नलला थर्मनचा हात आठवला. तो गरम नव्हता. आम्ही सगळे छत्तीस मिनिटं पळून भट्टीसारखे तापलेले, आणि त्याचा पंजा ओल्या चामड्यासारखा गार. मी तेव्हा शहारलो होतो. मग त्या दिवसाची सकाळ आठवली, हॉटेलची खोली. थर्मन न्हाणीघरात टबाच्या काठावर बसला होता, अंगात आईनं दिलेला लोकरी स्वेटर, हातात खारी बिस्किटं. तो बोलायचा कमी. दारातून मी दिसल्यावर छातीवर बोट ठेवून म्हणाला, “ग्राबो, आत कुणीतरी दार वाजवतं. मग थांबतं. थांबतं ना, तेव्हा जास्त भीती वाटते.”

“मग उघडू नकोस,” मी म्हणालो.

तो हसला. मीही हसलो. दात घासायला मी त्याच्या खांद्यावरून हात घालून ब्रश घेतला. त्याचा खांदा थरथरत होता, हसण्यानं असेल असं मी ठरवलं. सिग्नल हिरवा झाला होता, मागच्या गाड्या भोंगे वाजवत होत्या. म्हातारी म्हणाली, “काय हो, गेलात का झोपी?” मी आरशात न बघता बस पुढे घेतली.

चौकशी झाली होती ती कॉलेजच्या ग्रंथालयात. तीन माणसं, एक पाण्याचा तांब्या, आणि बाहेर एप्रिलचा चिखल. थर्मनचं हृदय जन्मापासून मोठं होतं, स्नायू जाड झालेले होते, असं डॉक्टरांच्या कागदावर आलं होतं. प्रश्न एवढाच होता की आधी कुणाला काही दिसलं होतं का. “तुम्हाला कधी तो आजारी वाटला?” नाही. “प्रशिक्षकांनी त्याच्या तब्येतीबद्दल तुम्हाला कधी विचारलं?” नाही, मला कुणी काही विचारलं नाही. मी खोटं बोलत नव्हतो. देवाशपथ सांगतो, मला ते आठवतच नव्हतं. ते कुठं गेलं होतं कुणास ठाऊक. कोच हॅनराटींना विचारलं तेव्हा ते म्हणाले, जबाबदारी माझी. आणि पुढं एक अक्षर नाही. त्यांना काढलं. संघ दोन वर्षं बंद ठेवला. ज्या लोकांनी त्यांना खांद्यावर घेतलं होतं त्यांनीच त्यांच्या दारात सडके मासे टाकले. चर्चमध्ये ते बसले की तो बाक रिकामा व्हायचा. नंतर शेजारच्या गावात एका हार्डवेअरच्या दुकानात ते रंगाचे डबे विकत होते असं ऐकलं. मी एकदा त्यांना रस्त्यात पाहिलं आणि पलीकडच्या बाजूला गेलो, मोठ्या अभिमानानं. आपण एका निष्ठुर माणसाकडे पाठ फिरवतोय याचं मला समाधान वाटलं होतं. ते समाधान अजून अंगावर आहे, जुन्या कोटासारखं, आणि आता ते कसं काढायचं ते कळत नाही.

लेंटचा, ईस्टरआधीच्या उपासाचा शुक्रवार म्हणजे संध्याकाळी पोलिश क्लबात तळलेले मासे. रोझान, माझी बायको, आधीच जागा धरून बसली होती. आत शिरताच तिघाचौघांनी आरोळी ठोकली, “मला बॉल दे!” आणि कुणीतरी बटाटा भरलेलं, करंजीसारखं पिरोगी माझ्याकडे फेकलं. मी ते झेललं. भिंतीवर टीव्ही होता. सात वाजले होते. मला तेव्हा समजलं की सकाळी दहाला, मग एकला, चारला, आणि आत्ता, मी सगळीकडे मान हलवतोय: इथं, डेपोत, इस्पितळाच्या प्रतीक्षागृहात, टायरच्या दुकानात. आणि दहाला पुन्हा हलवीन. थर्मन दर तीन तासांनी उभा राहतो, डोळे मिटून माझं मनगट धरतो, तो ठीक आहे का असं मला विचारलं जातं, आणि कुणीच त्या पोराला थांबवू शकत नाही. मी बघायचं नाही असं ठरवलं आणि बघितलं. या खेपेला मी त्याच्या डोळ्यांकडे बघितलं, माझ्या. सकाळी मला वाटलं होतं की त्याला कळलंच नाही कोच काय विचारतायत. तसं नव्हतं. मान हलवण्याआधी तो पोरगा वर, थर्मनच्या चेहऱ्याकडे बघतो. अर्धा सेकंद. नीट बघतो. त्याला जे दिसायचं ते दिसतं. मग तो गुणफलकाकडे बघतो. आणि मग हनुवटी खाली जाते.

“लेनी,” रोझान हळूच म्हणाली, “तू मान का हलवतोयस?”

“हलवत नाहीये.”

“हलवतोयस. मघापासून.”

मी हनुवटीखाली मूठ धरली. ताटातला मासा गार झाला. गाडीत बसल्यावर रोझाननं नुसता माझा मफलर सारखा केला.

शनिवारी सकाळी मी कोचकडे गेलो. तळ्याकाठच्या वृद्धाश्रमात ते चार वर्षं होते हे मला ठाऊक होतं, गावात सगळ्यांनाच ठाऊक होतं. खोलीत एक पलंग, एक खुर्ची, नाकात प्राणवायूची नळी. खिडकीबाहेर तळ्यावरचा बर्फ फुटत होता. बर्फ फुटताना आवाज करतो, मोठं जनावर झोपेत कण्हावं तसा; मधेच थांबतो आणि कान आपोआप पुढच्या आवाजाची वाट बघत राहतात. कोच चौऱ्याऐंशी वर्षांचे. अंग आटलेलं, पण डोळे तेच, समोरच्याला मापणारे.

“ग्राबो,” ते म्हणाले. जणू मी काल येऊन गेलो होतो. “बस चालवतोस म्हणे.”

“हो कोच.”

“कुठली?”

“पीच स्ट्रीटची.”

“ती इथवर येत नाही.”

“नाही. आज सुट्टी आहे. गाडी घेऊन आलो.”

“हं.” त्यांनी खुर्चीकडे बोट केलं. मी बसलो नाही. बसलो असतो तर हवापाण्यावर बोललो असतो.

“कोच, तुम्ही मला विचारलं होतं.”

कधी, काय, असं काही त्यांनी म्हटलं नाही. “हो,” एवढंच म्हणाले.

“आणि मी मान हलवली.”

“हलवलीस.”

“मग चौकशीत का नाही सांगितलंत? तीस वर्षं लोकांनी तुमच्या तोंडावर थुंकून घेतलं. मीसुद्धा. मी तुम्हाला बघून रस्ता ओलांडला होता.”

“बघितलं होतं मी. निळी टोपी होती तुझ्या डोक्यात.” त्यांनी नळीतून हवा ओढली. “आपल्या बाकावर डॉक्टर बसला होता. माझ्यापासून चार पावलांवर. चष्मा पुसत होता, सदऱ्याच्या टोकानं. त्याला विचारलं असतं तर त्यानं नाडी बघितली असती आणि थर्मनला खाली बसवलं असतं. आणि थर्मन बसला की खेळ संपला. हे सगळं मला चार पावलांत कळलं. म्हणून मी त्याला विचारलं नाही. तुला विचारलं.”

मी खुर्चीची पाठ धरली.

“तू काय सांगशील ते मला ठाऊक होतं रे. मी विचारलंच नाही. मी विचारल्यासारखं केलं.”

बाहेर बर्फ कण्हला. माझ्या खांद्यांवरून काहीतरी उतरतंय असं मला वाटलं, आणि मी अधाशासारखा त्यामागे गेलो. “म्हणजे… म्हणजे माझ्या मान हलवण्यानं काही झालं नसतं. मी नाही म्हटलं असतं तरीही—”

कोच हसले. हसता हसता खोकला लागला, मी पाण्याचा पेला पुढे केला तो त्यांनी हातानं बाजूला सारला. “असं मी कुठं म्हटलं? तू नाही म्हटलं असतंस तर मला त्याला बसवावंच लागलं असतं. सगळी पोरं ऐकत होती. एकवीस वर्षांचा होतास तू, दोन वर्षांचा नव्हतास. त्याचा हात तुझ्या मनगटावर होता, माझ्या नाही.” त्यांनी डोळे मिटले. “माझं मी उचललं. ते मी वाटून देत नाही कुणाला, तुलाही नाही. तुझं तू बघ. जाताना दार लावून घे, गारठा येतो.”

गाडीत बसलो आणि किल्ली फिरवायची विसरलो. मला खरं तर कोचनी माफ करायला हवं होतं, नाहीतर शिव्या द्यायला. दोन्हींतलं काहीही चाललं असतं. त्यांनी माझी गोष्ट तशीच, उघडी, माझ्या मांडीवर ठेवली होती. आणि तिच्यात अजून एक धोंडा होता ज्याच्याबद्दल त्यांना काही माहीत नव्हतं: दगडावरचं ते वाक्य. ते थर्मननं म्हटलं नव्हतं. त्याचे ओठ मिटलेले होते, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते वाक्य मी कुठून आणलं? बहुतेक त्या थंड पकडीला काहीतरी अर्थ द्यायला हवा होता, आणि खरा अर्थ मला झेपणारा नव्हता, म्हणून तिच्या जागी मी एक बोलका, धीट थर्मन उभा केला. त्याच्या आईला मी मुलगा परत दिला होता, पण भलताच. त्या मोबदल्यात दर ईस्टरला माझ्या घरी रताळ्याचा तो गोड, भाजलेला ‘पाय’ येतो. थँक्सगिव्हिंगच्या सणाला मिसेस टिब्ज मला त्याच्या खुर्चीवर बसवतात. गेली तीस वर्षं मी तिथं बसून जेवतोय.

वर्लीनचं केशकर्तनालय परेड स्ट्रीटवर आहे. मी पोचलो तेव्हा शनिवारची गर्दी ओसरत होती. एक बाई मोठ्या टोपासारख्या यंत्राखाली मासिक वाचत बसली होती, तिला काही ऐकू जाणार नव्हतं. वर्लीन बेचाळीस वर्षांची आहे. भावासारखी दिसत नाही, ठेंगणी, भरलेली, बोलताना हात हलवणारी. पण त्या दिवशी हात स्थिर होते. कोपऱ्यात टीव्ही होता, बंद केलेला.

“सकाळपासून वाट बघतेय,” ती म्हणाली. “येतोस की पळतोस ते बघत होते.”

“तू बघितलीस टेप.”

“चार वेळा. आईला दाखवली नाही. तिला सांगितलं, टीव्ही बिघडलाय.” तिनं कंगवा निळ्या पाण्याच्या बरणीत टाकला. “त्याचे ओठ हलत नाहीत, ग्राबो.”

“नाही हलत.”

“आधी म्हणाला होता का? नाहीतर नंतर? कधीतरी?”

“नाही. तो काहीच बोलला नाही, वर्लीन. मी बनवलं ते. मुद्दाम नाही… पण बनवलं मीच.”

मग मी सगळं सांगितलं. टबाचा काठ, खारी बिस्किटं, आत वाजणारं दार, आणि मी केलेला विनोद. गार हात. कोचचा प्रश्न, डॉक्टरचा चष्मा. मी आधी थर्मनच्या तोंडाकडे नीट बघितलं आणि मग गुणफलकाकडे, तेही सांगितलं, कारण ते टेपमध्ये होतं आणि तिनं ते पाहिलेलं असणारच. बोलताना मी आरशात होतो, तीही आरशात होती. प्रत्यक्षात आम्ही एकमेकांकडे बघत नव्हतो. संपल्यावर तिनं खुर्चीवरचे केस झटकले, फडकं घडी केलं, आणि डाव्या हाताची बाही कोपरापर्यंत वर सारून तो हात माझ्यापुढे धरला.

“कसं धरलं होतं त्यानं? दाखव.”

“वर्लीन, नको.”

“मी बारा वर्षांची होते. त्याचा हात कसा होता ते मला आठवत नाही. तुला आठवतं ना? दाखव.”

मी तिचं मनगट धरलं.

“एवढंच?”

“नाही.”

“मग होतं तसं धर.”

मी आवळलं. तिच्या हाडांवर माझी बोटं बसली. तिनं मान हलवून आणखी, असं सुचवलं, आणि मी आणखी आवळलं, तिची बोटं फिकट होईपर्यंत, माझ्या स्वतःच्या दंडात कळ येईपर्यंत. असा पकडणारा माणूस काय सांगत असतो हे कळायला शब्द लागत नाहीत; बुडणारा माणूस असं पकडतो. यंत्राखालच्या बाईनं पान उलटलं. वर्लीनच्या वरच्या ओठावर घाम आला होता, डोळे पाण्यानं भरले होते, पण आवाज कोरडा होता.

“आता वर बघ,” ती म्हणाली. “आरशात नाही. माझ्याकडे. मी ठीक आहे का?”

मी बघितलं.

“नाही,” मी म्हणालो.

तिनं हात सोडवून घेतला. बेसिनचं पाणी सोडून बराच वेळ मनगट त्याखाली धरून उभी राहिली. मला वाटलं, आता म्हणेल नीघ. नाहीतर म्हणेल बस. पाणी बंद करून तिनं हात टॉवेलला पुसला, बाही खाली केली, बटण लावलं.

“आईला मी सांगणार नाही,” ती म्हणाली. “तू सांगायचंस. उद्या रविवार आहे. ती आता चर्चला जात नाही, रेडिओवर ऐकते, तेव्हा नऊच्या आधी ये. आणि घरून खाऊन ये. ती तुला खायला वाढल्याशिवाय राहणार नाही, आणि तिच्या हातचं खाल्लंस, की तुझ्याच्यानं काही बोलवणार नाही.”